अंगणाचा उतार

मृग नक्षत्र जवळ आले, की महाराष्ट्रातील खेडोपाडी घरांची शाकारणी सुरू होते. फुटकी कौले बदलली जातात, सरकलेली कौले नीट बसविली जातात, पन्हळींत साचलेला पाचोळा काढून टाकला जातो, सरपण आणि गोवऱ्या पडवीत रचून ठेवल्या जातात. शहरांतही गच्चीच्या भेगा बुजविण्याची घाई उडते. पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाची दृष्टी अशी सहजच वर, छपराकडे वळते. परंतु छपरावर पडलेले पाणी अखेर खाली जमिनीवरच यावयाचे असते. तेथून ते कोठे जाणार, याचा विचार मात्र फार थोड्या घरांत होतो. छप्पर गळू लागले, तर ते त्याच रात्री कळते. कारण पाणी डोक्यावर टपकते. अंगणाचा उतार बिघडला, तर ते वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. कारण तेथे पाणी पायाशी, मुकाट्याने आपले काम करीत असते.

हे पाणी किती असते, याचा हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी जमते. एखाद्या घराचे छप्पर ६० चौरस मीटर आणि भोवतालचे अंगण १०० चौरस मीटर आहे, असे समजू. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एवढ्याशा जागेवर १६ हजार लिटर पाणी उतरते. दोनशे लिटरांची ८० पिंपे भरावीत, इतके ते पाणी होय. कोकणात असे दिवस एका पावसाळ्यात अनेकदा येतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या मानाने पाहिले, तर वरील घराच्या वाट्याला एका दिवसात दीड लाख लिटरांहून अधिक पाणी आले असते. घाटावरील पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस थोडा पडतो, हे खरे. परंतु तेथेही वळवाची एखादी सर अर्ध्या घटकेत अंगणाचे तळे करून सोडते. पाऊस वर्षभरात किती पडतो, यापेक्षा तो एका वेळी किती पडतो आणि त्याला निघून जावयास वाट आहे की नाही, हेच घराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

पाण्याचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे. ते उंचाकडून सखलाकडे जाते. बोटभर उंचीचा फरकही त्याला पुरतो. मग अंगणातील पाणी बाहेर न जाता भिंतीच्या मुळाशीच का साचते? याचे कारण बहुधा घर बांधतानाच निर्माण झालेले असते. पाया भरण्यासाठी प्रथम रुंद चर खणतात. पाया भरून झाला, की त्याच्या बाजूला उरलेली पोकळी खणलेल्या मातीनेच बुजवितात. ही माती भुसभुशीत असते. ती चोपून बसविली नाही, तर पुढील दोन-तीन पावसाळ्यांत आपोआप खाली बसते आणि नेमकी भिंतीला लागूनच लांबट खोलगट जागा तयार होते. छपराला पन्हळ नसेल, तर पागोळ्यांची धार त्याच जागेवर सतत पडून तेथे एक चरी पाडते. अशा रीतीने घरापासून दूर उतरत जावयाची जमीन हळूहळू घराकडेच उतरू लागते.

याखेरीज माणसेही नकळत या बिघाडास हातभार लावतात. कोणी अंगणात फरशी घालतो आणि तिचा उतार पाहावयास विसरतो. कोणी भिंतीपासून काही हातांवर फुलझाडांचे उंच वाफे करतो. ते वाफे बांधासारखे पाणी अडवितात. कोणी आवाराला पक्की भिंत घालतो, पण तिच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवीत नाही. रस्त्याची वरचेवर दुरुस्ती होताना खडीचे थरावर थर चढतात आणि एके काळी रस्त्याहून उंच असलेले अंगण काही वर्षांनी रस्त्याहून सखल होते. यांतील प्रत्येक बदल लहानसा असतो. परंतु पाणी लहान बदलाचीही नोंद घेते.

भिंतीशी साचलेले पाणी तेथेच थांबून राहत नाही. दिव्याच्या वातीतून तेल जसे वर चढते, तशी ओल मातीतून, विटेतून आणि चुन्यातून वर चढत जाते. तिच्याबरोबर जमिनीतील क्षारही येतात. भिंतीचा पृष्ठभाग वाळला, की ते पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बाहेर पडतात. यालाच भिंतीला लोणा लागणे असे म्हणतात. लोणा लागलेल्या भिंतीचा गिलावा सुटू लागतो आणि विटा झिजू लागतात. मातीच्या भिंतीची अवस्था तर याहून बिकट होते. तिचा खालचा भाग भिजून मऊ पडतो आणि वरचे ओझे मात्र तेवढेच राहते. भर पावसात मातीची भिंत कोसळली, असे आपण ऐकतो, तेव्हा ती एका रात्रीत कोसळली असे वाटते. परंतु तिचे पाय भिजण्यास पुष्कळ आधीच आरंभ झालेला असतो.

काळ्या मातीच्या प्रदेशात आणखी एक संकट असते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आक्रसते. वैशाखात शेतांना पडणाऱ्या भेगा हे याच गुणाचे फळ होय. पायाजवळची जमीन एका बाजूला फुगली आणि दुसऱ्या बाजूला कोरडीच राहिली, तर घर सर्व बाजूंनी सारखे उचलले जात नाही. मग दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. ती भेग सिमेंटने बुजविली, तरी पुढील वर्षी पुन्हा उमटते. कारण दुखणे भिंतीत नसून भिंतीबाहेरच्या जमिनीत असते.

साचलेल्या पाण्याचा संबंध केवळ घराच्या आरोग्याशी नाही, तर घरातील माणसांच्या आरोग्याशीही आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या डॉक्टराला सिकंदराबाद येथे एका डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी आढळले आणि डास व हिवताप यांचे नाते उघड झाले. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारणपणे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणजे एखादे डबके दोन-तीन दिवसांत जिरून गेले, तर त्यातील पिढी जन्मास येण्यापूर्वीच नष्ट होते. परंतु ते पंधरा दिवस टिकले, तर ते डासांचे घर बनते. अंगणात विहीर असेल, तर आणखी दक्षता हवी. विहिरीकडे उतार असलेल्या अंगणातील घाण पहिल्याच पावसात पिण्याच्या पाण्यात जाऊन मिसळते. म्हणून विहिरीचा काठ उंच असावा आणि तिच्या चारही बाजूंची जमीन तिच्यापासून दूर उतरती असावी.

पाण्याला वाट करून देण्याची ही विद्या नवी नाही. मुंबईजवळील कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांतील पहिली लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली. तेथील कारागिरांनी भिक्षूंसाठी केवळ खोल्या कोरल्या नाहीत. डोंगराच्या अंगावर त्यांनी उथळ पाट खोदले आणि वरून धावत येणारे पावसाचे पाणी लेण्यांच्या दाराशी न आणता बाजूच्या टाक्यांत नेऊन सोडले. जुन्या शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ असे म्हटले आहे. कातळात एकदा चुकलेला उतार पुन्हा सुधारता येत नाही. म्हणून त्या कारागिरांनी छिन्नी उचलण्यापूर्वी पाण्याची चाल नीट पाहिली असली पाहिजे. आपल्या जुन्या घरांची उंच जोती आणि दर वर्षी पावसाळा संपल्यावर खणून, चोपून व सारवून नव्याने केले जाणारे कोकणातील अंगण यांच्यामागेही हीच जाण आहे. अंगण करणे म्हणजे केवळ जमीन गुळगुळीत करणे नव्हे. तिला योग्य तो उतार देणे होय.

बिघडलेला उतार सुधारावयाचा असेल, तर पहिले काम कुदळीचे नसून डोळ्यांचे आहे. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. पाणी कोठून येते, कोणत्या बाजूस वाहते आणि कोठे थांबते, हे पाहावे. जेथे पाणी थांबले असेल, तेथे डबक्याच्या कडेने खुंट्या रोवून ठेवाव्यात. पाऊस उघडल्यावर ते पाणी किती वेळात जिरते, हेही पाहावे. आषाढात केलेली ही पाहणी कार्तिकात उपयोगी पडते. कार्तिक-मार्गशीर्षात जमिनीत थोडी ओल असते, त्यामुळे ती खणावयास सोपी जाते आणि चोपली असता चांगली बसते. शिवाय पुढील पावसाळ्यापर्यंत नवी माती स्थिर होण्यास अवधी मिळतो.

यानंतर मोजणी करावी. नुसत्या नजरेवर विसंबू नये. कारण उतरत्या वस्तीत नजर हमखास फसते. गवंडी लोक यासाठी पारदर्शक नळी वापरतात. तिच्यात पाणी भरले आणि हवेचे बुडबुडे राहू दिले नाहीत, तर तिच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी नेहमी सारखी राहते. एक खुंटी भिंतीशी रोवावी आणि दुसरी तिच्यापासून सरळ तीन मीटरांवर रोवावी. नळीतील पाण्याच्या पातळीची खूण दोन्ही खुंट्यांवर करून त्या खुणांना दोरी ताणून बांधावी. आता ही दोरी अगदी सपाट झाली. तिच्यापासून जमीन भिंतीशी २० सेंटिमीटर खाली आहे आणि दुसऱ्या खुंटीशी २८ सेंटिमीटर खाली आहे, असे आढळले, तर जमीन तीन मीटरांत आठ सेंटिमीटर उतरली आहे, असे समजावे. उलट भिंतीशी मिळालेले अंतर अधिक भरले, तर उतार घराकडे आहे, हे निश्चित झाले.

मातीच्या अंगणाला घरालगतच्या पहिल्या तीन मीटरांत १५ सेंटिमीटर, म्हणजे विसास एक, इतका उतार असावा. नीट घातलेल्या फरशीवर पाणी लवकर घसरते, म्हणून तेथे पन्नासास एक इतका उतारही पुरतो. मात्र उतार जितका अधिक तितका चांगला, असे समजणे चुकीचे आहे. उतार फार तीव्र झाला, तर पाणी धावत सुटते आणि जाताना माती घेऊन जाते. पाण्याने चालावे, पळू नये, इतकाच उतार हवा.

वरील उदाहरणात आठ सेंटिमीटर उतार मुळातच आहे. सात सेंटिमीटर कमी पडतो. तेव्हा भिंतीशी सात सेंटिमीटर भर घालून ती तीन मीटरांपर्यंत कमी करीत न्यावी. भिंतीची लांबी आठ मीटर असेल, तर या भरावाचे घनफळ ०.८४ घनमीटर होते. चोपल्यावर माती दबते, म्हणून चौथा हिस्सा अधिक धरावा. तेव्हा सुमारे एक घनमीटर सुटी माती लागेल. एका घमेल्यात दहा लिटर माती मावते असे धरले, तर ही शंभर-सव्वाशे घमेली होतात. घरातील चार माणसांनी हातात हात घालून केले, तर हे दोन दिवसांचे काम आहे.

भर कशाची घालावी, याबाबत पुष्कळांची फसगत होते. वाळूतून पाणी लवकर जिरते, म्हणून भिंतीशी वाळू घालावी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु वाळूतून जिरलेले पाणी थेट पायाशी जाऊन पोहोचते. म्हणजे जे टाळावयाचे, तेच घडते. भिंतीशी पाणी जिरावयास नको आहे, ते वरच्या वर निघून जावयास हवे आहे. म्हणून तेथे चिकणसर माती आणि मुरूम यांचे मिश्रण घालावे. काळी माती मात्र तिच्या फुगण्या-आक्रसण्याच्या गुणामुळे वर्ज्य समजावी. सारी माती एकदम ओतू नये. प्रथम गवत व मुळ्या काढून जुनी जमीन खरवडावी, बेताचे पाणी शिंपडावे, पातळ थर पसरावा आणि तो धुमसाने चोपावा. मगच दुसरा थर घालावा. न चोपलेली भर पहिल्याच पावसाळ्यात खचते आणि सारे श्रम वाया जातात. शेवटी उघड्या भागात हरळी लावावी. तिची मुळे मातीला घट्ट धरून ठेवतात.

भर घालताना एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे. अंगणाची माती जोत्याच्या माथ्यापासून निदान १५ सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे. माती जोत्याच्या वर चढली, तर ओल सरळ भिंतीत शिरते आणि चौकटीच्या लाकडाला वाळवी लागण्यास वाट मिळते. जोते मुळातच बसके असेल, तर भिंतीशी भर घालण्याऐवजी पलीकडची जमीन खरवडून सखल करावी. तसेच आंबा-फणसासारख्या जुन्या झाडांच्या बुंध्याभोवती मातीचा ढीग रचू नये. त्यामुळे बुंधा कुजण्याचा आणि मुळांना हवा न मिळण्याचा धोका असतो.

येथवरचे काम घर वाचविण्याचे झाले. खरा प्रश्न याच्यापुढे उभा राहतो. घरापासून दूर केलेले पाणी जाणार कोठे? उताराच्या पायथ्याशी एक रुंद, उथळ चर काढून तो आवाराच्या सखल कोपऱ्याकडे न्यावा. या चराला शंभरास एक इतका उतारही पुरतो. पाणी प्रथम परसातील केळी, अळू आणि कर्दळ यांना द्यावे. जमीन मुरमाड असेल, तर एक मीटर लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा खणून तो दगड-विटांच्या तुकड्यांनी भरावा. तो भिंतीपासून निदान तीन मीटर आणि विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर असावा. तथापि शोषखड्ड्यावर फार भिस्त ठेवू नये. दगडांनी भरलेल्या एवढ्या खड्ड्यात एका वेळी चारशे लिटरांच्या आसपासच पाणी मावते, आणि मोठ्या पावसात तर हजारो लिटर पाणी येते. रेंगाळलेले पाणी जिरविण्यास खड्डा उपयोगी आहे. परंतु मुसळधार पावसाच्या पाण्याला बाहेर पडण्याची मोकळी वाट ठेवलीच पाहिजे.

ही वाट शेजाऱ्याच्या अंगणातून काढावयाची नसते. आपल्या भिंतीशी साचणारे डबके उचलून शेजाऱ्याच्या भिंतीशी नेऊन ठेवणे, याला सुधारणा म्हणता येणार नाही. वरच्या घराने उतार वाढविला, की खालच्या घरी पाणी अधिक वेगाने येते. खालच्या घराने चिडून बांध घातला, की तेच पाणी वर तुंबते. मग पाण्यावरून सुरू झालेले भांडण पाणी ओसरल्यावरही ओसरत नाही. म्हणून एका रांगेतील घरांनी मिळून विचार करावा, आपापले चर एकमेकांना जोडावेत आणि सर्वांचे पाणी ओढ्यास किंवा वहाळास नेऊन पोहोचवावे. जमिनीवरील हद्द माणसांनी आखलेली असते. पाण्याला ती दिसत नाही.

घरांच्या बाबतीत जे खरे, तेच नगरांच्या बाबतीतही खरे आहे. २००५ च्या त्या जुलै महिन्यात मुंबईवर जे संकट आले, त्यात शेकडो माणसे प्राणास मुकली. पाऊस अभूतपूर्व होता, समुद्राला भरती होती, हे सर्व खरेच. परंतु मिठी नदीचे पात्र भराव आणि बांधकामे यांमुळे आधीच अरुंद झाले होते, हेही तितकेच खरे होते. ज्याने त्याने आपल्यापुरती जमीन उंच करून घेतली आणि पाण्याची जुनी वाट बुजत गेली. पाण्याची वाट बुजली, तरी पाणी यावयाचे थांबत नाही. ते माणसांच्या घरांतून वाट काढते.

उतार एकदा केला, म्हणजे कायमचे काम झाले, असेही नाही. चरात पाचोळा साचतो, उंदीर-घुशी बिळे करतात, माती थोडी थोडी खचते. म्हणून मृगापूर्वी चर साफ करावा, पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा एक फेरी मारावी आणि जेथे पाणी रेंगाळेल, तेथे दोन घमेली माती टाकून चोपावी. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले, की प्रथम हाती खराटा घेत, गावातील रस्ते व गटारे स्वतः झाडून काढीत आणि मगच रात्री कीर्तनाला उभे राहत. गटारातील घाण काढणे हे त्यांनी कमी प्रतीचे काम मानले नाही. तुंबलेली वाट मोकळी करणे हीसुद्धा लोकसेवाच आहे, हे त्यांचा खराटा न बोलता सांगत असे.

अंगणाच्या उताराची कोणी वाखाणणी करीत नाही. पाहुणा येतो, तो भिंतीवरचा रंग पाहतो, दारापुढची रांगोळी पाहतो, तुळशीवृंदावन पाहतो. रांगोळी ज्या जमिनीवर उमटली, ती जमीन घराला पाठ टेकून बाहेरच्या बाजूस किंचित झुकलेली आहे, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. परंतु आषाढातील एखाद्या रात्री, कौलांवर पाऊस कोसळत असताना, घरातील माणसे कोरड्या जमिनीवर निश्चिंत झोपू शकतात आणि शेजारच्या घरातील माणसेही तितकीच निश्चिंत झोपू शकतात, ती त्या वीतभर उताराच्या बळावर होय.